व्हॉल्व्ह कोण धरणार?

नाशिकमधल्या द्वारका चौकाजवळच्या स्पेअर पार्टच्या दुकानात मी स्प्रिंग कॉम्प्रेसर मागितला, तर काउंटरवरच्या मुलानं माळ्यावरून दोन लांब आट्यांच्या सळया काढून काचेवर ठेवल्या. प्रत्येकीला दोन-दोन आकडे. शॉकअ‍ॅब्सॉर्बरची स्प्रिंग आवळायचं हत्यार ते. "हे नको, इंजिनातल्या व्हॉल्व्हचं पाहिजे," मी म्हटलं. त्यानं माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं, सोबत कुणी पुरुषमाणूस आहे का ते बघायला, आणि म्हणाला, "मॅडम, मेकॅनिकलाच पाठवा ना." मी म्हटलं, "मेकॅनिक नाही, घरीच करायचंय." आता हा हसणार असं वाटलं होतं, पण हसला नाही. हातातली सळई बाजूला सारून त्यानं अगदी कामाचं विचारलं, "हेड खोलणार, का वरच्या वर?" हेड म्हणजे सिलिंडरवरचं जड झाकण, आणि व्हॉल्व्ह म्हणजे त्यात बसवलेली, उघडमीट करणारी झडपं. तिथे मी अडले. "विचारून येते," म्हणून बाहेर पडले. मागे कुणाला तरी शोधणारी नजर मला नवी नाही. बँकेच्या काउंटरमागे नोकरी केलेल्या बाईला ती रोज भेटते आणि ती दुकानाच्या पायरीवरच सोडून देता येते. तो दुसरा प्रश्न मात्र मुंबई नाक्याच्या सिग्नलला माझ्याबरोबर थांबला आणि त्रिमूर्ती चौकापर्यंत मागच्या सीटवर बसून आला.

विचारायचं होतं ते आप्पांना. आप्पा म्हणजे माझे सासरे. सातपूरच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये त्यांची उभी नोकरी गेली, आणि सिडकोतलं हे घरही त्याच नोकरीतून उभं राहिलं. आता वय ऐंशीच्या घरात आहे. उजव्या हाताला कंप आहे. व्हर्निअर, म्हणजे बारीक माप घ्यायचं हत्यार, हातात घेतलं की कंप कमी होतो असं ते म्हणतात आणि आम्ही ऐकून घेतो. पत्र्याच्या शेडखाली त्यांची मारुती ८०० उभी असते. कार्ब्युरेटरवाली, ७९६ सीसी, तीन सिलिंडर, सहा व्हॉल्व्ह. माझ्या नवऱ्याला ती विकायची आहे. जुन्या गाडीची नोंदणी पुढे चालू ठेवायची फी २०२२ मध्ये सहाशेची पाच हजार झाली तेव्हा तर घरात सभाच भरली होती. आप्पांनी सभेत एकच वाक्य उच्चारलं, "गाडीला काय झालंय?" आणि सभा बरखास्त झाली. या थंडीत मात्र गाडीला खरंच काहीतरी झालं. रात्रभर गार पडलेलं इंजिन सकाळी सुरू केलं की पहिल्या झटक्यालाच निळसर धुराचा लोट निघायचा, जळक्या तेलाचा घशात बसणारा वास यायचा, आणि मिनिटाभरात सगळं साफ. समोरच्या वहिनी वाळत घातलेले कपडे ओढून घ्यायच्या. आप्पा कठड्याला टेकून धूर बघत, वास घेत उभे राहिले आणि म्हणाले, "सील गेलीत. रात्री तेल व्हॉल्व्हच्या दांडीवरून खाली झिरपतं. सकाळी ते जळतं."

सील म्हणजे रबराची एवढीशी टोपी, व्हॉल्व्हच्या गाइडवर, म्हणजे त्याची दांडी ज्यातून सरकते त्या नळीवर, बसवलेली. उष्णतेनं ती कडक होते आणि दांडीला धरायचं सोडते. वस्तू स्वस्त, पण बसते स्प्रिंगच्या आत, खाली. म्हणजे सील बदलायचं तर स्प्रिंग काढणं आलंच, आणि एवढ्या जुन्या इंजिनातली स्प्रिंग एकदा काढली की तीच परत बसवण्यात काही अर्थ नाही, यावर आप्पांचं आणि माझं पहिल्या चहालाच एकमत झालं. इंजिन ३००० आरपीएमवर फिरताना प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला १५०० वेळा उघडतो, म्हणजे सेकंदाला २५ वेळा. तितक्याच वेळा त्याला ओढून परत जागेवर बसवते ती ही स्प्रिंग. ती ढिली पडली तर जोरात पळणाऱ्या इंजिनात व्हॉल्व्ह मागे राहतो, वेळेत मिटत नाही. वर्षानुवर्षं ओढत राहिलेल्या त्या सहाजणींची मला उगाचच दया आली. आप्पांना नाही आली. ते म्हणाले, "पार्ट आहे तो. झिजणारच."

यंत्राच्या या भागाशी माझी पहिली ओळख सासरची नाही, माहेरची आहे. माहेर निफाड तालुक्यातलं, द्राक्षाचं. छाटणीनंतर फवारणीचा ब्लोअर एक दिवस बंद पडला तरी घरातल्या माणसांचा आवाज चढायचा, कारण ब्लोअर ट्रॅक्टरवर आणि ट्रॅक्टर मिस्त्रीवर. एकदा ऐन थंडीत ट्रॅक्टरचं हेड उतरवलं होतं. बागेत धग राहावी म्हणून पहाटे शेकोट्या पेटवलेल्या, त्याचा धूर खाली बसलेला, आणि अंगणात गोणपाटावर ते काळं, जड हेड आडवं. मिस्त्रीनं हेडखाली व्हॉल्व्हच्या तोंडाशी लाकडाचा एक ठोकळा सरकवला. वरून स्प्रिंगच्या माथ्यावरच्या वाटीवर पाइपचा तुकडा ठेवला. पाइपला बाजूनं खिडकी कापलेली. पाइपवर लांब पहार आडवी टाकून धाकट्या काकांनी तिच्यावर अंगाचा भार टाकला. स्प्रिंग दबली आणि मिस्त्रीनं खिडकीतून चिमटा घालून व्हॉल्व्हची दोन लॉकं बाहेर काढली. वालाच्या डाळिंबीएवढे दोन अर्धुक. सगळी स्प्रिंग त्यांच्या भरवशावर. तिसऱ्या की चौथ्या व्हॉल्व्हला काकांचा पाय घसरला, पहार उडाली आणि एक लॉक कडब्याच्या गंजीत गेलं. मग आम्हा पोरांना जुन्या स्पीकरचं लोहचुंबक दोरीला बांधून दिलं आणि दुपारपर्यंत कडब्यात फिरवलं. शाळा बुडाल्याचा आनंद अजून आठवतो. चुंबकाला खिळे चिकटले, एक घोड्याचा नाल चिकटला, शेवटी लॉकही चिकटलं. तेव्हा सगळ्यांच्या नजरा काकांवर होत्या, पहारेवर लोंबकळणाऱ्या त्या पैलवानावर. ठोकळ्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही.

खरं काम तो ठोकळा करत होता.

स्प्रिंगची वाटी आणि व्हॉल्व्हची दांडी लॉकांनी एकमेकींत अडकलेल्या असतात. वाटी नुसतीच दाबली तर व्हॉल्व्हही तिच्याबरोबर खाली जातो, लॉकं जिथल्या तिथे, आणि दाबणारा दमून बाजूला होतो. व्हॉल्व्हला खालून कुणीतरी अडवलं तरच वाटी एकटी खाली सरकते आणि लॉकं मोकळी होतात. हेड काढून ओट्यावर घेतलं असेल तर खालची बाजू उघडी असते. ठोकळा लावा, हात लावा, काहीही लावा. हेड गाडीतच असेल तर खाली बंद सिलिंडर, आणि आत जायला वाट एकच, स्पार्क प्लगच्या भोकाएवढी. दुकानातल्या पोरानं एवढंच विचारलं होतं. दाबायचं हत्यार कोणतं हे नंतर ठरतं. आधी ठरवायचं ते व्हॉल्व्ह कोण धरणार. इतका नेमका प्रश्न विचारणारा मुलगा काउंटरवर नट मोजत बसतो आणि आमच्या बँकेत मुलाखती घ्यायला येणारी माणसं कसले प्रश्न विचारतात, हा विषय वेगळा.

आप्पा हेड काढायच्या बाजूचे. त्यांचं म्हणणं टूलरूमच्या माणसाचं होतं: जॉब टेबलावर पाहिजे, उजेडात पाहिजे, चारी बाजूंनी दिसला पाहिजे. हेड बाहेर आलं की त्याला सी-क्लॅम्प लावायचा. त्याचा एक जबडा व्हॉल्व्हच्या तोंडावर, दुसरा स्प्रिंगच्या वाटीवर, आणि मधली कमान हेडला वळसा घालून जाते. धरणं आणि दाबणं एकाच हत्यारात, म्हणून ते सगळ्यात शहाणं. पण क्लॅम्पही पारखून घ्यावा लागतो. कमान पुरेशी खोल हवी, नाहीतर हेडच्या कडेला अडते. वाटीवर बसणारा कप लहान असला तर तो लॉकांवरच बसतो. मोठा असला तर हेडच्या भिंतीला घासतो. ज्या इंजिनात कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा फिरता दांडा, थेट व्हॉल्व्हच्या डोक्यावर आणि टॅपेट, म्हणजे दोघांमधल्या टोप्या, खोल विहिरीत असतात, तिथे साधा क्लॅम्प पोचतच नाही, लांब नळीचा लागतो. म्हणून वाटीचा व्यास व्हर्निअरनं मोजून खिशात ठेवायचा आणि मगच दुकानात जायचं. स्वस्तातल्या क्लॅम्पची कमान भार आल्यावर उघडते, जबडा तिरका होतो आणि वाटीवरून सटकतो. आप्पांनी मोबाइलवर एकेक फोटो मोठा करून बघितला आणि सगळ्यांना एकच शेरा दिला, "पत्रा आहे."

मला हेड काढायचं नव्हतं, आणि त्याचं कारण आळस हे नव्हे. हेड काढायचं म्हणजे पाणी उपसायचं, टायमिंग बेल्ट उतरवायचा, मॅनिफोल्ड सोडायचं, नवं गॅस्केट आणायचं आणि परत बसवताना बोल्ट ठरलेल्या क्रमानं, ठरलेल्या ताकदीनं आवळायचे. जे बिघडलेलं नाही ते इतकं उघडायचं कशाला? वरच्या वर करायच्या दोन रीती आहेत. एक हवेची: प्लगच्या भोकात आट्याची नळी बसवून कॉम्प्रेसरची हवा सोडायची, साधारण शंभर पीएसआय, म्हणजे हवाच व्हॉल्व्ह वर धरून ठेवते. पिस्टन नेमका वरच्या टोकाला हवा. जरा जरी पुढे-मागे असला तरी हवा त्याला ढकलते, क्रँक, म्हणजे पिस्टनला जोडलेला फिरता दांडा, गरकन फिरतो आणि पाना लावलेला असेल तर तोही फिरतो. शिवाय जुन्या इंजिनात पिस्टनभोवतीच्या रिंगांमधून हवा सतत गळते, म्हणून टायरला हवा भरायच्या छोट्या पंपाचं हे काम नव्हे, टाकीचा कॉम्प्रेसर लागतो. स्प्रिंग निघालेली असताना हवा गेली तर व्हॉल्व्ह खाली पडतो. पिस्टन वर असेल तर त्याच्या डोक्यावर टेकून थांबतो. नसेल तर हेड काढावंच लागतं, आणि आप्पा जिंकतात.

दुसरी रीत दोरीची, आणि खरं सांगायचं तर माझं मन तिच्यावर बसलं होतं. पिस्टन थोडा खाली घ्यायचा, प्लगच्या भोकातून नायलॉनची दोरी आत सोडत राहायची, टोक बाहेर ठेवून त्याला गाठ मारायची, आणि क्रँक हातानं फिरवून पिस्टन वर आणायचा. आतली दोरी दबून गच्च होते आणि व्हॉल्व्हला खालून टेकू मिळतो. सुतळी चालत नाही, तिचे तंतू आत राहतात. कॉम्प्रेसर नको, वीज नको, फुस्स होण्याची भीती नको. निफाडचा लाकडी ठोकळाच हा, फक्त प्लगच्या भोकातून आत शिरणारा.

यावर घरात बरेच दिवस शीतयुद्ध चाललं. आप्पा म्हणायचे, धूर सीलचा की गाइडचा हे खोलल्याशिवाय कसं कळणार? व्हॉल्व्ह सीटवर, म्हणजे हेडमधल्या त्यांच्या बैठकीवर, नीट बसत नसतील तर? मी म्हणायचे, बसत असतील तर? नाशकात असल्या वादाला पंच शोधायला लांब जावं लागत नाही. या गावाला लोक रामकुंडानं ओळखतात, पण आमच्या गल्लीत देवळात जाणाऱ्यांपेक्षा मायक्रोमीटर हाताळलेली माणसं जास्त निघतील. एक ओझरला विमानांवर काम करून निवृत्त झालेले, एक मायको कारखान्यात डिझेलच्या नोझलवर होते, जिथे सुई आणि तिच्या भोकातली फट दोन-चार मायक्रॉनची. हे मायकोवाले काका शेडखाली आले, दोघांचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "भांडता कशाला? कॉम्प्रेशन बघा ना." सिलिंडर किती दाब धरतो ते मोजायचं गेज त्यांच्याकडेच होतं. इंजिन गरम करून तिन्ही प्लग काढले, एकेका भोकात गेज लावलं, मी अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारला. तिन्ही सिलिंडरचे आकडे जवळजवळ एकसारखे आणि चांगले आले. एखादा व्हॉल्व्ह सीटवर बसत नसता तर त्याचा आकडा खाली आला असता. म्हणजे व्हॉल्व्ह बसतायत, रिंगा धरतायत, हेडच्या खालच्या अंगाला हात लावायचं कारण नाही. आप्पांनी आकडे चष्मा चढवून दोनदा वाचले. आमच्या या कामातलं सगळ्यात उपयोगी हत्यार स्प्रिंग दाबणारं नव्हतंच. काय उघडायचं नाही हे सांगणारं ते गेजचं घड्याळ होतं, आणि गंमत म्हणजे ते विकत घ्यायची कुणी गोष्टसुद्धा काढली नव्हती.

गाइडचं काय, हे त्यांनी तरीही विचारलं. स्प्रिंग निघाली की दांडी दोन बोटांत धरून हलवून बघता येते, किती डुलते ते कळतं, असं काकांनीच परस्पर सांगितलं. मग आप्पा उठले. मला वाटलं रुसले. ते पेन्सिल आणि जुन्या कॅलेंडरचा कागद घेऊन परत आले.

विकतच्या हत्यारांत वरच्या वर दाबायचे आडवे दांडे मिळतात, पण आप्पांना ते घ्यायचे नव्हतेच, हे मला आता कळतं. त्यांना बनवायचं होतं. हेडवर आडवा जाईल असा लोखंडी अँगल, त्याला बिजागरीसारखा जोडलेला एक दांडा, दांड्याला खिडकी कापलेला पाइप. अंबड लिंक रोडवरचा मोठा भंगार बाजार उठल्यापासून असे तुकडे शोधावे लागतात, तरी एका फॅब्रिकेशनवाल्यानं कचऱ्यातून अँगल दिला आणि पैसे घेतले नाहीत. पाइपची दोन्ही तोंडं गल्लीच्या टोकाच्या लेथवर काटकोनात कापून आणली. खिडकी आप्पांनी हॅकसॉनं कापली आणि कानशीनं साफ केली. कडेवरून अंगठा फिरवायचे आणि परत घासायचे. लोखंडाचा तो गरम, जिभेला चव येईल असा वास शेडभर झाला. अडचण एकाच ठिकाणी आली. अँगल आवळायचा कशाला? हेड अ‍ॅल्युमिनिअमचं, कव्हरची भोकं सहा एमएमची. ओढ बसली तर आटे उपटून येतील. मी म्हटलं, मग क्लॅम्पच घेऊ. त्यांनी ऐकलं नाही. अ‍ॅल्युमिनिअममध्ये बोल्ट व्यासाच्या किमान दीडपट आत गेला पाहिजे, म्हणजे नऊ एमएम, असं म्हणून त्यांनी काडी घालून प्रत्येक भोकाची खोली मोजली, लांब बोल्ट आणले आणि भार दोनाऐवजी चार बोल्टांवर वाटला. विकतच्या हत्याराच्या किमतीपेक्षा आमचा रिक्षाखर्च जास्त झाला असेल. नवऱ्यानं तसं बोलूनही दाखवलं. मला यात आप्पांची हौस किती आणि हिशेब किती हे अजून नीट वेगळं करता येत नाही. थोडा रागही यायचा, कारण गाडी तोवर शेडखाली आणि मी शहर बसच्या रांगेत.

रॉकर, म्हणजे व्हॉल्व्हला दाबून उघडणारे हात, आणि त्यांच्या दांड्या सरकवून काढण्यात बरीच दुपार गेली. रॉकर निघाले म्हणजे सगळे व्हॉल्व्ह मिटलेले, आता क्रँक कसाही फिरवा. तेल खाली उतरायची भोकं मी चिंध्यांनी बुजवली. लॉक तिथून आत गेलं तर ते थेट इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या चेंबरमध्ये. दोरी आत गेली, क्रँक फिरेनासा झाला. पहिल्याच वाटीला दाब दिला तर अँगल करकरला आणि लॉकं हलली नाहीत. "दाबू नको, आधी ठोक," आप्पा म्हणाले. जुनी लॉकं वाटीत चिकटून बसलेली असतात. वाटीवर पान्याची गोटी धरून हातोडीचा एक नेमका ठोका दिला, चिकटलेलं सुटलं, आणि मग दांडा दाबला तर वाटी गुपचूप खाली गेली. खिडकीत दोन लॉकं मोकळी दिसली. दांडा आप्पांच्या हातात होता. चिमटा त्यांच्याच बाजूला ठेवलेला होता. त्यांनी तो डाव्या हातानं उचलून माझ्या बाजूला ठेवला, काही न बोलता, आणि परत दांड्यावर भार दिला. मीही काही बोलले नाही. लॉकं काढली, वाटी काढली, स्प्रिंग हातात आली: तेलकट, कोमट, वाटली होती त्यापेक्षा लहान.

दांडी हलवून पाहिली. डुलत नव्हती म्हणण्याइतपतच डुलत होती. सील काढलं तर बोटात चुरलं. जुनी आणि नवी स्प्रिंग काचेवर शेजारी उभी करून आप्पांनी व्हर्निअरनं उंची घेतली, गुण्या लावून तिरकेपणा बघितला, आणि तिसऱ्या सिलिंडरची एक सगळ्यांत बुटकी निघाली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर आलेला आनंद मी नातवंडांच्या निकालालाही पाहिलेला नाही. नवी बसवताना जवळजवळ वेटोळ्यांची बाजू खाली, हेडकडे. लॉकांना आतून ग्रीसचं बोट लावलं की ती दांडीला चिकटून राहतात, नाहीतर बसवणं काढण्यापेक्षा छळतं. दाब सोडला की दांडीच्या टोकावर प्लॅस्टिकच्या हातोडीनं दोन टोले, लॉक बसलं की नाही ते इथेच कळावं म्हणून. आणि हे करताना डोळ्यावर गॉगल, यावर आप्पांनी तडजोड केली नाही.

तीन सिलिंडरचा क्रँक असल्यानं एका वेळी एकच पिस्टन वर येतो. म्हणजे दर खेपेला दोरी काढा, परत भरा. शेवटच्या सिलिंडरपर्यंत दोरी काळी झाली होती आणि आम्ही दोघं एकमेकांवर चिडायचंही विसरलो होतो. सगळं बसवून रॉकरच्या फटी फीलर गेजनं लावल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या वहिनींनी सवयीनं कपडे ओढून घेतले, आणि मग थोड्या वेळानं परत टाकले.

त्या आठवड्यात गल्लीतला एक मुलगा आला. त्याची अल्टोही धूर टाकते म्हणे. आप्पांचं हत्यार दोन दिवस मिळेल का? आप्पांनी देणार नाही म्हणायच्या आधीच मी सांगितलं की ते लागणार नाही. तुझं इंजिन तेवढ्याच सीसीचं, पण व्हॉल्व्ह बारा, एका सिलिंडरला चार; वाट्या लहान, हा पाइप त्यांच्यावर बसायचाच नाही. आप्पा लगेच म्हणाले, "मग लहान पाइप करू की." आणि कॅलेंडर शोधायला आत वळले. मी त्या मुलाला विचारलं धूर सकाळी येतो की चढावर, तर त्याला माहीत नव्हतं. म्हटलं, आधी ते बघून ये, आणि येताना मायकोवाल्या काकांकडून गेज घेऊन ये. आतून आप्पांचा आवाज आला, "वाटीचा व्यास पण विचार त्याला!"